सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव : खोदणारे आणि राखणारे

१

सोलापूर शहरांत भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेस जो विस्तीर्ण तलाव आहे, व ज्याच्या पाण्यांत श्रीसिद्धेश्वराचें देऊळ व समाधि आहे, त्याचा विचार करतांना आजवर बहुतेकांनीं तो कोणी खोदला एवढाच प्रश्न पुढें ठेविला आहे. श्रीसिद्धरामेश्वरांनीं बाराव्या शतकांत आपल्या भक्तमंडळीच्या श्रमांनीं तो खोदविला, हें उत्तर सर्वमान्य आहे व प्रस्तुत लेखकासहि तें मान्य आहे. परंतु ह्या उत्तरानें इतिहासाचें काम संपत नाहीं. तलाव हा एकदां बांधून ठेविला म्हणजे आपोआप टिकणारा पदार्थ नव्हे. प्रत्येक पावसाळ्यांत वाहून येणारा गाळ त्याच्या तळाशीं बसतो; लाटांनीं व गुरांच्या पायांनीं पाळ झिजते; झाडांच्या मुळांनीं व उंदीर-खेकड्यांच्या बिळांनीं ती पोखरते. निगा सुटली तर कांहीं पिढ्यांत तळ्याचें शेत होतें. ज्या अर्थीं हा तलाव आठशें वर्षांहून अधिक काळ टिकला आहे, त्या अर्थीं त्याची कोणी तरी राखण केली असली पाहिजे. ही राखण कोणत्या समजुतीवर व कोणत्या व्यवस्थेवर चालत असे आणि ती कशी सैल पडली, हें पाहणें हा ह्या लेखाचा विषय आहे.

निसर्गाची जपणूक करून जगावें, पुढच्या पिढ्यांचा वांटा आज खाऊन टाकूं नये, असा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकूं येतो व तो नवा विचार म्हणून सांगितला जातो. विचार नवा नाहीं. आपल्या देशांत त्याला शास्त्र होतें, कायदा होता, अधिकारी होते आणि सणहि होता. मात्र त्या जुन्या व्यवस्थेंत मोठे दोषहि होते, व त्यांची चर्चा टाळून तिची थोरवी गाणें योग्य होणार नाहीं.

२

सोलापूर हें पर्जन्यछायेच्या मुलखांतलें गांव. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपांचशें ते सहाशें मिलिमीटर, आणि तोहि बराचसा पावसाळ्याच्या उत्तरार्धांत पडणारा. म्हणूनच येथील मुख्य पीक रब्बीची ज्वारी. जमिनीखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या फटींतून जें पाणी झिरपतें तेवढेंच विहिरींस लागतें. भीमा व सीना ह्या नद्या शहरापासून दूर वाहतात. अशा ठिकाणीं वस्ती टिकावयाची तर पावसाचें पाणी अडविल्यावांचून गत्यंतर नाहीं. तळें पाणी सांठवितें तसेंच भोंवतालच्या विहिरींस पाझरहि देतें. म्हणून ज्या गांवाचें तळें चांगलें, त्या गांवच्या विहिरीहि चांगल्या, असा अनुभव ह्या मुलखांत सर्वत्र आहे.

सोळा गांवें मिळून सोलापूर झालें, ही लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ति शिलालेखांच्या पुराव्यापुढें टिकत नाहीं. कल्याणीच्या कलचुरींच्या काळांतील लेखांत ह्या गांवाचें नांव ‘सोन्नलगे’ असें आहे, व यादवकाळापर्यंत ‘सोन्नलगी’ हें रूप चालू होतें. मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखांत ‘सोनलीपूर’ असें रूप येतें. सोलापूरच्या किल्ल्यांतील एका लेखांत ‘सोनलपूर’ व किल्ल्यांतीलच विहिरीवरील लेखांत ‘संदलपूर’ असें नांव आढळतें. पुढें इंग्रजी अमदानींत ‘शोलापूर’ झालें. नांवाच्या ह्या परंपरेंतील एक दुवा विहिरीच्या दगडावर जपला गेला, हें प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथें शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेखाभ्यासक कै. आनंद कुंभार ह्यांनीं तो अभ्यासकांच्या नजरेस आणिला. म्हणजे ह्या मुलखांत सिद्धरामांच्या पूर्वीं शंभराहून अधिक वर्षें मराठी भाषा दगडावर कोरली जात होती. आणि सिद्धरामांचें स्वतःचें वाङ्मय मात्र कन्नड आहे. तलावाचा इतिहास जाणावयाचा तर दोन्ही भाषांचीं साधनें शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत. एकाच भाषेच्या आधारावर केलेला निर्णय येथें अपुरा ठरतो.

३

श्रीसिद्धराम हे बसवेश्वर व अल्लमप्रभु ह्यांचे समकालीन. कलचुरी बिज्जलाचा काळ म्हणजे बाराव्या शतकाचा मध्य, तोच त्यांचाहि. त्यांचे पिता मुद्दगौड व माता सुग्गव्वा. मल्लय्याच्या शोधांत ते बालवयांत श्रीशैलास गेले, व तेथून परत येऊन सोन्नलगे हेंच दुसरें श्रीशैल करावें असा त्यांनीं संकल्प केला, असें चरित्रकार सांगतात. कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची स्थापना, पंचक्रोशींत अडुसष्ट लिंगें आणि मध्यें तलाव, असा ह्या संकल्पाचा विस्तार आहे. चामलादेवी नांवाच्या राजस्त्रीनें त्यासाठीं भूमि दिली, अशी परंपरा आहे. त्यांचें विस्तृत चरित्र हंपीचा कन्नड कवि राघवांक ह्यानें षट्पदी छंदांत रचिलें. सोलापूरच्या जयदेवीताई लिगाडे ह्यांनीं विसाव्या शतकांत त्यांच्यावर कन्नडांत पुराण लिहिलें. सिद्धरामांचीं वचनें तेराशेंच्या वर उपलब्ध असून त्यांची मुद्रिका ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही आहे.

तलावाचें काम चालू असतां अल्लमप्रभु सोन्नलगेस आले, हा प्रसंग पंधराव्या शतकांतील ‘शून्यसंपादने’ ह्या ग्रंथांत विस्तारानें आला आहे. तुमचा तो ‘ओड्ड’ सिद्धराम कोठें आहे, असें अल्लमांनीं काम करणारांस विचारलें. ओड्ड म्हणजे आपल्याकडील वडार. माती खणणारा, दगड फोडणारा. गुरूचा हा अधिक्षेप ऐकून शिष्य दगड घेऊन धांवले. पुढें सिद्धराम व अल्लम ह्यांचा संवाद झाला. बाहेर तळीं-देवळें बांधून पुण्य जोडणें निराळें आणि अंतरीं शिवाची ओळख पटणें निराळें, हा त्या संवादाचा मथितार्थ. शेवटीं सिद्धराम अल्लमांसह कल्याणास गेले, आणि त्यांची समाधि मात्र सोन्नलगेस, त्याच तलावांत आहे.

ह्या प्रसंगाचा विचार बहुधा अध्यात्माच्या अंगानें केला जातो. इतिहासाच्या दृष्टीनें त्यांत दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, राजानें मजूर लावून केलेलें हें काम नव्हे. पुष्कळ लोक एका संकल्पानें मातींत उतरले होते व त्यांचा पुढारीहि माती खणणारांत गणला जात होता. अल्लमांचा शब्द टोंचून बोलण्याचा होता खरा, परंतु कर्नाटकांतील भोवी अथवा ओड्ड समाज आजहि सिद्धरामांस आपलें गुरुस्थान मानतो व चित्रदुर्गास ह्या समाजाचें गुरुपीठ आहे. निंदेचा शब्द एका समाजाचें भूषण झाला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या पुण्यासाठीं तळें खोदलें, एवढाच हेतु असेल तर शेवटची पाटी उचलली जातांच तो हेतु संपतो. मागाहून तळें बुजलें तरी कर्त्याचें पुण्य कांहीं बुजत नाहीं. अल्लमांचा आक्षेप अशा पुण्यसंचयावर आहे. जें पाणी दहा पिढ्यांनीं प्यावयाचें त्याच्या नित्य राखणीवर तो लागूं पडत नाहीं. म्हणून खोदणूक व राखण हीं दोन निराळीं कर्में मानून, दुसऱ्याविषयीं आपलें शास्त्र काय म्हणतें तें पाहूं.

४

यज्ञयागादि कर्मांस इष्ट व विहिरी, तळीं, देवळें, अन्नछत्रें, बागा ह्यांस पूर्त म्हणतात. वैदिक कर्मांचा अधिकार द्विजांपुरता ठेवणाऱ्या स्मृतिकारांनींहि पूर्ताचा अधिकार शूद्रांस दिला आहे. मत्स्यपुराणांत तडागाचा विधि सांगितला आहे. ह्या विधीस उत्सर्ग म्हणतात, व त्याचें मर्म त्या शब्दांतच आहे. खोदविणारा पाण्यावरील आपला हक्क सोडून तें सर्व भूतमात्रांस अर्पण करतो. माणसांबरोबर पशुपक्ष्यांचाहि त्यांत वांटा आहे.

पाणी सर्वांचें झाल्यावर त्याची काळजी कोणीं घ्यावी, ह्याचें उत्तर पुराणांपेक्षां व्यवहारशास्त्रांत अधिक स्पष्ट मिळतें. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत असा नियम आहे कीं, गांवानें मिळून बांध घालण्याचें ठरविल्यावर जो स्वतः अंग काढून घेईल त्याचे चाकर व बैल कामास लावावे, त्याच्याकडून खर्चाचा भाग घ्यावा, परंतु लाभांत त्याला अंश देऊं नये. बृहस्पतिस्मृति ह्याहून पुढें जाते. गांवानें अथवा श्रेणीनें आपसांत लेखी करार करावा, आणि त्यांत सभा, पाणपोई, देवालय, तळें व बाग ह्यांची दुरुस्ती हीं कामें घालावीं, असें तिचें सांगणें आहे. तळें नवें बांधण्याइतकेंच जुनें नीट ठेवणें हा येथें कराराचा विषय झाला आहे, व करार मोडणारास दंड आहे. अशा सामुदायिक करारांच्या उल्लंघनावर याज्ञवल्क्यस्मृतींत संविद्व्यतिक्रम नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ टीका कल्याणासच सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (इ. स. १०७६ ते ११२६) लिहिली गेली. म्हणजे सोन्नलगेचा तलाव खोदला जाण्यापूर्वीं एकदोन पिढ्या, त्याच राज्याच्या राजधानींत, हा कायदा पंडितांच्या चर्चेंत होता.

राखणीचें तंत्रहि शास्त्रांत आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गल अध्याय, वारूळ व झाडें ह्यांवरून भूगर्भांतील पाणी ओळखण्याच्या खुणांबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु त्याच अध्यायाच्या शेवटीं तळ्याच्या पाळीविषयीं जें सांगितलें आहे तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पूर्वपश्चिम लांब असलेलें तळें पाणी पुष्कळ काळ धरतें. दक्षिणोत्तर असलेल्या तळ्याची पाळ वाऱ्यानें उठणाऱ्या लाटांनीं फुटते. तशीच बांधावयाची तर ती लांकडानें अथवा दगडानें मजबूत करावी. पाळीवर अर्जुन, वड, आंबा, जांभूळ, कदंब इत्यादि झाडें लावावीं व जादा पाणी जाण्यास दगडी सांडवा ठेवावा. पोरुमामिळ्ळ (आंध्र) येथील इ. स. १३६९ च्या संस्कृत शिलालेखांत चांगल्या तळ्याचीं बारा अंगें व सहा दोष मोजून सांगितले आहेत. पाळ झिरपणें, जमीन खारी असणें, दोन राज्यांच्या सीमेवर तळें असणें, मधोमध उंचवटा असणें, पाणी थोडें व भिजावयाची जमीन फार, अथवा पाणी फार व जमीन थोडी, हे ते दोष होत. त्या तळ्यावर दररोज एक हजार मजूर व पाळीच्या दगडांसाठीं शंभर गाडे दोन वर्षें राबल्याचें त्याच लेखांत नमूद आहे. सीमेवरील तळें सदोष, ह्या म्हणण्यांत राजनीति आहे. ज्या तळ्याचा धनी निश्चित नाहीं, त्याची राखण दोन्ही राज्यें एकमेकांवर ढकलतात.

५

शास्त्र असें असेल, परंतु तें प्रत्यक्षांत आलें होतें काय? दक्षिणेंतील लेख ह्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी देतात. तामिळ देशांतील उत्तरमेरूर येथें पहिल्या परांतक चोळाच्या काळचे (इ. स. ९१९ व ९२१) लेख आहेत. त्यांत गांवाच्या निरनिराळ्या समित्यांची निवड चिठ्ठ्या टाकून कशी करावी तें सांगितलें असून त्यांत तळ्याची स्वतंत्र समिति आहे. तिची मुदत एक वर्षाची. कर्नाटकांतील लेखांत ‘बित्तुवट्ट’ व ‘कट्टुकोडगे’ अशा संज्ञा येतात. तळें बांधणारास व त्याची दुरुस्ती करीत राहणारास त्या तळ्याखालींच कांहीं जमीन लावून देण्याची ती पद्धत. राखणीचा खर्च तळ्याच्याच उत्पन्नांतून निघावा, ही तिच्यामागील दृष्टि आहे.

मराठी मुलखांत ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे खानदेश व नाशिककडील फड पद्धति. पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर बंधारे घालून त्यांखालील जमिनीचे फड पाडीत. एका फडांत एका वर्षीं एकच पीक, व पुढील वर्षीं फडाफडांनीं पिकांची फेरपालट. पाणी देणारा पाटकरी, पिकांवर नजर ठेवणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार व सर्वांवर पंच. पावसाळ्यापूर्वीं पाटांतील गाळ काढण्यास प्रत्येक खातेदारानें माणूस दिला पाहिजे, असा दंडक होता. पेशवेकालीन कागदांत पाट-बंधारे दुरुस्त करणारांस सूट व इनाम देण्याचे हुकूम आढळतात, ते ह्याच व्यवस्थेला सरकारचा आधार म्हणून.

उत्तरमेरूरची एक वर्षाची समिति आणि फडाची पावसाळ्यापूर्वींची गाळ-काढणी ह्यांत एक समान तत्त्व दिसतें. राखण ही दरवर्षी नव्यानें करावयाची गोष्ट मानली आहे. एकदां दिलेलें वचन पुरेसें नाहीं. तें वर्षास वर्ष उजळावें लागतें. सोलापुरांत ह्या तत्त्वाचें रूप कोणतें?

६

आमच्या मतें तें रूप म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वरयात्रा, जिला लोक गड्ड्याची यात्रा म्हणतात. यात्रेचा क्रम सर्व सोलापूरकरांस ठाऊक आहे. प्रथम अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक, ज्यास कन्नड परंपरेनें यण्णिमज्जन म्हणतात, नंतर संमती कट्ट्याजवळ अक्षता-सोहळा, मग नंदीध्वजांस गंगास्नान व होम, त्यानंतर शोभेचें दारूकाम, शेवटीं वस्त्रविसर्जन. एका कुंभारकन्येनें सिद्धरामांशीं विवाहाची इच्छा धरली व सिद्धरामांनीं तिला आपल्या योगदंडाशीं विवाह करण्यास अनुमति दिली, ही त्यामागील कथा. सात नंदीध्वजांचा मान निरनिराळ्या समाजांत वांटलेला आहे.

ह्या विधींकडे तलावाच्या दृष्टीनें पाहिलें तर तीन गोष्टी नजरेस येतात. अडुसष्ट लिंगें गांवाच्या पंचक्रोशींत पसरलेलीं आहेत. त्यांची प्रदक्षिणा म्हणजे दरवर्षी गांवाच्या शिवेची, ओढ्यांची व मोकळ्या जागांची पाहणीच होय. नंदीध्वजांचें स्नान तलावाच्या पाण्यानें व्हावयाचें, म्हणजे तलावांत पाणी पाहिजे व तें स्नानास योग्य पाहिजे. तळें कोरडें अथवा घाण असेल तर तें सर्व गांवाच्या डोळ्यांपुढें येणार. तिसरी गोष्ट मानाच्या वांटणीची. ज्यांचा मान आहे त्यांची जबाबदारीहि आहे, आणि ती एका घराण्याची अथवा एका जातीची नसून अनेकांत विभागलेली आहे. यात्रा ह्याच हेतूनें योजिली गेली, असें आमचें म्हणणें नाहीं. तिचा हेतु भक्तीचाच. परंतु भक्तीनें दरवर्षी त्याच दिवशीं त्याच पाण्यापाशीं सर्व गांव आणून उभें केलें, हा तिचा परिणाम मोठा आहे. खोदणाराचें स्मरण आणि पाण्याची तपासणी हीं येथें एकाच दिवशीं होतात.

७

आतां दोषांविषयीं. जुन्या व्यवस्थेंत श्रम सर्वांचे होते. पाणी मात्र सर्वांचें नव्हतें. उत्सर्गाच्या संकल्पांत भूतमात्रांस अर्पिलेलें पाणी प्रत्यक्षांत कित्येक जातींस पाणवठ्यावर येऊन घेतां येत नसे. ज्या जिल्ह्याची ही कथा चालली आहे त्याच जिल्ह्यांत, मंगळवेढ्यास, संत चोखामेळा गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळून शके १२६० त वारले, अशी परंपरा आहे. गांवाचें रक्षण करणारी भिंत ज्यांनीं उभी करावी त्यांनीं गांवकुसाबाहेर राहावें, हाच न्याय पाण्यालाहि लागू होता.

ह्या अन्यायाचा निर्णयहि एका तळ्याच्याच कांठीं झाला, हें विशेष आहे. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. १९२४ त महाड म्युनिसिपालिटीनें आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. आणि तो कागदावरच राहिला म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं सहस्रावधि अनुयायांसह तेथें जाऊन पाणी घेतलें. खटला १९३७ त हायकोर्टांत अस्पृश्य पक्षाच्या बाजूनें निकालांत निघाला. सामुदायिक राखणीचें जुनें तत्त्व पुन्हां सांगावयाचें असेल तर तें महाडच्या निकालासह सांगितलें पाहिजे. ज्याचा हात पाटीला लागतो त्याचा हात पाण्याला लागलाच पाहिजे. एरव्हीं राखण ही वेठ होते.

८

तलावाच्या कांठचा किल्ला बहामनी काळचा असून पुढें आदिलशाहींत त्याचें काम वाढलें. त्याच्या तीन बाजूंस खंदक आहे व पूर्वेस तलाव. म्हणजे किल्ल्याच्या एका अंगाचें रक्षण ह्या पाण्यावर सोंपविलेलें होतें. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल व मराठे असे धनी बदलले, तरी किल्ला ज्याच्या ताब्यांत त्याला तलाव भरलेला राहणें इष्टच होतें. सोलापुरापासून जवळच नळदुर्गास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानें इ. स. १६१३ त बोरी नदीच्या बंधाऱ्यांत पाणीमहाल बांधविला. पाण्याची आदिलशाही जाण त्यावरून कळते. सोन्नलगेचा तलाव अशा रीतीनें देवस्थान व लष्कर ह्या दोघांच्याहि गरजेचा झाला, आणि राज्यें बदलूनहि तो टिकला.

इ. स. १८१८ त किल्ला इंग्रजांकडे गेला व लष्करी गरज संपली. सोलापुरास १८५२ सालीं म्युनिसिपालिटी झाली. पुढें आगगाडी आली. १८७७ त पहिली कापडगिरणी निघाली. वाढत्या शहरास जुनें पाणी पुरेनासें झालें. शहराच्या ईशान्येस आदिला नदीवर एकरुखचा, म्हणजेच हिप्परग्याचा, तलाव १८७१ त पुरा झाला. त्याचा मातीचा बांध दोन किलोमीटरांहून अधिक लांब व सुमारें एकवीस मीटर उंच आहे. त्या काळीं मुंबई इलाख्यांतील सर्वांत मोठ्या कृत्रिम जलाशयांत त्याची गणना होत असे. १८८१ पासून शहरास त्याचें पाणी मिळूं लागलें. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळांत मदतकाम म्हणून हातीं घेतलेला आष्टीचा तलावहि ह्याच सुमाराचा.

हीं कामें उपकारक होतीं ह्यांत शंका नाहीं. दुष्काळांत त्यांनीं माणसें जगविलीं. परंतु त्यांच्याबरोबर पाण्याचा धनी बदलला. १८७९ च्या इरिगेशन ॲक्टानें नद्यानाल्यांचें पाणी कालव्यांच्या कामीं लावण्याचा अधिकार सरकारनें स्पष्टपणें आपल्याकडे घेतला. आतां दुरुस्ती करावयाची सरकारनें, पट्टी भरावयाची लोकांनीं. ज्याला पाटांतील गाळासाठीं माणूस द्यावा लागत असे त्याला पावती मिळूं लागली. नळानें तर तलाव व घर ह्यांच्यामधील वाटच पुसून टाकली. ज्या पाण्यापर्यंत रोज चालत जावें लागत नाहीं, त्याची कळा रोज दिसत नाहीं. १९८० सालीं भीमेवर उजनीचें सुमारें एकशें सतरा अब्ज घनफुटांचें धरण पुरें झालें, व पुढें शंभर किलोमीटरांहून दूरचें तें पाणी नळांनीं सोलापुरांत आलें. तरीहि गेल्या कित्येक वर्षांत शहरास रोजच्या रोज पाणी न मिळतां दिवसांआड मिळण्याची पाळी येत राहिली आहे. धरण लहान म्हणून असें झालें नाहीं. जवळचें पाणी राखण्याची संवय गेली, आणि दूरच्या पाण्यावर हक्क सांगणारे पुष्कळ झाले.

९

ह्या अवधींत सिद्धेश्वर तलावाची स्थिति कशी झाली तें सोलापूरकर जाणतात. सांडपाणी, निर्माल्य व मूर्तिविसर्जन ह्यांनीं त्याचें पाणी दूषित होत आलें. २०१६ सालीं केंद्रसरकारच्या स्मार्ट सिटी योजनेंत पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. शोभेच्या कामांना आमचा विरोध नाहीं. परंतु कांठ सुशोभित करणें निराळें आणि पाणी राखणें निराळें. पहिलें काम एकदां ठेका देऊन होतें. दुसरें दरवर्षी करावें लागतें.

जुनें तत्त्व सर्वस्वीं मेलें आहे असें मात्र नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत गांवोगांवचे लोक पाझर-तलाव व नालाबांध ह्यांच्या कामांवर राबले, व त्या अनुभवांतून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ त झाला. २००५ सालीं सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याचा कायदा झाला. सव्वाशें वर्षांपूर्वीं गेलेल्या अधिकाराचा कांहीं अंश त्यानें परत केला. २०१७ त सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. तलावांतील गाळ शेतकऱ्यांनीं स्वखर्चानें वाहून आपल्या शेतांत टाकावा, असें तिचें तेव्हांचें रूप होतें. ह्यांत पाणी व माती दोन्हींचें हित आहे. आणि बृहस्पतीनें लेखी करारांत घालावयास सांगितलेलें काम तें हेंच. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांत बार्शी, उत्तर सोलापूर इत्यादि तालुक्यांतील गांवकऱ्यांनीं उन्हाळ्यांत श्रमदानानें चर खणले, बांध घातले. सिद्धरामांच्या मुलखांत आठशें वर्षांनंतर लोक पुन्हां ओड्ड झाले, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु स्पर्धा संपल्यावर पुढच्या उन्हाळ्यांत तेच चर कोण उपसणार, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचें उत्तर जेथें करारानें बांधलें जाईल तेथेंच काम टिकेल.

जुने कागद जमविणाऱ्या मंडळीस शेवटीं एक विनंति आहे. आपण आजवर राजांच्या सनदा, लढायांच्या बखरी व वंशावळी ह्यांवर अधिक प्रेम केलें. तें योग्यच होतें. आतां पाण्याच्या कागदांकडेहि तितक्याच आस्थेनें पाहावें. वतनदारांच्या रुमालांतून मोटस्थळ-पाटस्थळ जमिनींच्या नोंदी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरविणारे कतबे, पाळ फुटल्यावर झालेले महजर, विहीर बांधणारास दिलेलीं इनामें, देवस्थानांच्या जमाखर्चांतील गाळ-काढणीच्या रकमा, असे कागद दिसल्यास ते क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत. त्यांची तारीखवार नक्कल करून गांवाचें, विहिरीचें अथवा तळ्याचें नांव शिरोभागीं लिहावें, आणि मजकुरांत कोणत्या जातीच्या कोणत्या माणसानें किती दिवस काम केलें व कोणास किती पाणी मिळालें, तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. मोडी वाचणारांनीं कन्नड जाणणारांस सोबत घ्यावें. ह्या जिल्ह्यांत एकट्याचें काम नव्हे. विहिरी व बारवा ह्यांवरील लेखांचे ठसेहि शक्य तितक्या लवकर घ्यावे, कारण बुजविलेल्या विहिरीबरोबर तिचा लेखहि मातींत जातो.

तलाव खोदणाराचें नांव सोलापूर कधीं विसरलें नाहीं. ज्या शेंकडों पिढीजात हातांनीं वर्षानुवर्षें पाळीवर माती टाकली त्यांचा पत्ता लावणें हें इतिहाससंशोधनाचें काम आहे. तो लागला तर जुन्या न्यायाच्या व अन्यायाच्या दोन्ही बाजू पुराव्यानिशीं पुढें येतील, आणि आजच्या पाणीवापर संस्थेस व ग्रामसभेस आपला करार लिहितांना आधाराला कांहीं पूर्वदाखले मिळतील.